पाठवणीचा ठेका

दुल्सी मंगरूच्या अंगात दोन घरांचं वाजवणं भिनलेलं. आईकडून ताशा आला, आणि बाप कथबर्ट म्हणजे शांगो या आफ्रिकी देवाच्या अंगणात ढोलावर देव बोलावणारा माणूस. दोन्हीकडचे ठेके ती एकाच ताशावर मिसळायची. सातासमुद्रापारच्या त्या बेटावरच्या बॅरकपोर गावचे लोक नाकं मुरडायचे, आणि तेच मेले नाचायला सगळ्यांच्या पुढे.

बाप जाऊन वर्षही झालं नव्हतं. शेजारच्या सुकदेवच्या मुलीचं लग्न, भर दुपार. ताशे विस्तवावर शेकून झाले आणि दुल्सीने बापाचा बोलावण्याचा ठेका धरला. त्याची आठवण येत होती, दुसरं काही नाही. पण तो ठेका अंगणाबाहेर वाजवायचा नसतो. वाजवलाच तर आलेल्याला परत धाडणारा पाठवणीचा ठेका यायला हवा, आणि तो कथबर्टने तिला कधी शिकवला नाही. "शिकवला तर उद्या मलाच घालवशील," असं हसून म्हणायचा.

दुल्सीची मुलगी केझिया झांज वाजवत होती. झांज थांबली. पोरगी डावा पाय लांब करून खाली बसली, तिचा आजा बसायचा तशी. तोंड तिचं, आवाज त्याचा.

"दुल्सू, कातडं गार आहे गं. अजून शेकव."

दुल्सीने ताशाला हात लावला. आत्ता विस्तवावरून काढलेलं कातडं विहिरीच्या पाण्यासारखं गार होतं. तिला दुल्सू म्हणणारा जगात एकच माणूस होता.

शांगोचं अंगण सांभाळणारी मर्लिनमावशी हातातली रोटी टाकून पुढे आली. "बोलावलंस ना? आता घालव. दिवस मावळेपर्यंत बसला तर पोरगी तुझी राहायची नाही."

"मला तो ठेका येत नाही, मावशी."

"मग जो येतो तो वाजव. बघत काय बसलीस?"

होसेचे, म्हणजे तिकडच्या मोहरमचे, ताबूत थंडे करायला समुद्राकडे नेतात, तेव्हाचा संथ ठेका दुल्सीला आईच्या वडिलांनी शिकवला होता. तिने तो धरला. सुकदेव धावत आला.

"डोकं फिरलं का तुझं? माझ्या पोरीच्या लग्नात मयताचं वाजवतेस?"

"शिव्या नंतर घाल, सुकदेवभाऊ."

केझियाने मान वर केली. "एवढ्यात, दुल्सू? थोडं बसू दे की."

खरं सांगायचं तर दुल्सीलाही तेच हवं होतं. बाप गेल्यापासून या आवाजासाठी ती तळमळत होती. हात थांबवला असता तर बाप राहिला असता. तिने हात थांबवला नाही. ढसाढसा रडत वाजवत राहिली.

पोरगी कलंडली. मग डोळे चोळत उठली आणि म्हणाली, "आई, मी झोपले होते?"

आता दुल्सी बापाचा ठेका कुठेही वाजवते, पण शेवटी ताबुताचा जोडल्याशिवाय काड्या खाली ठेवत नाही. काय सुंदर मिसळलंय, असं लोक म्हणतात. जिथे ते दोन ठेके जुळतात तिथे दरवेळी कातडं गार पडतं, आणि तिला एकटीला ऐकू येतं, "एवढ्यात?" तेवढं ऐकायलाच ती वाजवते.