पाण्याच्या खुणेवर एक हात

सीना नदी अख्ख्या परांडा तालुक्यात कुणाचा मुलाहिजा ठेवत असेल, तर तो फक्त आमच्या दाजींचा. पूर येऊन गेला की पुढारी गाडीची काच खाली करून पाहणी करतात. त्यांना ती काडीची किंमत देत नाही. पण दाजी धोतराचा सोगा खोचून काठावर उभे राहिले, की पाणी दोन बोटं तरी उतरतं असं आमच्या गावातल्या बायका शपथेवर सांगतात. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, त्यामुळं असं काही होत नसतं हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीसुद्धा पाणी चढायला लागलं की मी आधी दाजी कुठं आहेत ते बघतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. गावातल्या गावात दिलेली बहीण. मधे एक मारुतीचं देऊळ आणि दोन गल्ल्या, एवढंच सासर-माहेराचं अंतर. दाजी धंद्यानं गवंडी, वय सत्तरीच्या पुढं. खांद्यावर उपरण्यासारखी एक पारदर्शक नळी गुंडाळलेली असते. त्या नळीत पाणी भरायचं, एक टोक एकानं इकडं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं तिकडं. दोन्हीकडं पाणी सारख्याच उंचीवर उभं राहतं आणि त्यावरून बांधकामाची पातळी कळते. ही नळी ते लग्नालासुद्धा घेऊन येतात. एकदा आम्ही सगळे तुळजापूरला गेलो होतो. लॉजच्या दारात बाकीचे देवीच्या ओटीचं सामान बघतायत, आणि हे पायऱ्यांवर वाकलेले. म्हणाले, "पाव्हणं, तिसरी पायरी दीड बोट चढ हाय. कुणीतरी पडंल हितं." मी म्हटलं, चला हो दाजी, रांग वाढतेय. आम्ही वळलो न वळलो तोच मागं धप्पकन आवाज झाला. एक चांगला धट्टाकट्टा भाविक बरोब्बर तिसऱ्या पायरीवर आडवा! त्या दिवशी गाभाऱ्यात उभं राहूनही माझं अर्धं चित्त त्या पायरीतच होतं.

पुराच्या गावात पडकं घर कसं दुरुस्त करावं आणि नवं कसं उभारावं, याचे दाजींचे कायदे आहेत, आणि त्यापुढं कुणाचं चालत नाही. पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची जी रेघ राहते ती पुसायची नाही. दाजी येणार, त्या रेघेवर गेरू ओढणार, मगच झाडू मारायचा. शेजारच्या काकूंनी दिवाळी तोंडावर आली म्हणून ती रेघ धुऊन काढली, तर दाजी त्यांच्या घरचा चहा प्यायचे बंद झाले. दुसरा कायदा, भिंत आतून सुकल्याशिवाय गिलावा नाही. सुकली की नाही हे ते भिंतीला गाल लावून ठरवतात. डोळे मिटून असे उभे राहतात, की बघणाऱ्याला वाटावं भिंत काहीतरी कानगोष्ट सांगतेय. मातीच्या भिंतीला सिमेंट लावायचं नाही, विजेची बटणं डोक्याच्या वर, धान्य माळ्यावर, आणि आवाराच्या भिंतीला तळाशी भोकं ठेवायचीच. "पाणी बी पाव्हणंच हाय," ते म्हणतात. "आलं तसं जाणार. पर तुमी वाटच ठिवली न्हाय, तर जाताना भिंत घिऊन जाईल." आणि सगळ्यात मोठा कायदा जोत्याचा. घराचं जोतं, म्हणजे ज्यावर घर उभं राहतं तो चौथरा, पाण्याच्या खुणेवर एक हात. त्यात बोटाचीही सूट नाही. मागं एक तरुण इंजिनियर तिपाई, दुर्बीण असं यंत्र घेऊन गावात आले होते. दिवसभर मोजून त्यांनी देवळाच्या भिंतीवर पुराच्या पातळीची खडूची खूण केली. दाजींनी बाजूचं पोतं सरकवलं. पोत्यामागं गेरूची रेघ, खडूच्या रेघेला जुळी बहीण शोभावी अशी! त्या इंजिनियरनं वाकून दाजींच्या पायाला हात लावला, आणि मग संकोचत ती नळी जरा हातात धरू का म्हणून विचारलं.

एवढं असून गावाला दाजींची टिंगल करायला एक जागा मोकळी होती. साऱ्या गावाची जोती उचलणाऱ्या या माणसाचं स्वतःचं घर ओढ्याच्या तोंडाशी, सगळ्यांत खाली, जुन्या दोन पायऱ्यांचं. "दिव्याखाली अंधार" असं पारावर उघड म्हणायचे लोक. आमच्या आक्काची दृष्टी काचबिंदूनं जाऊन दहा-बारा वर्षं झाली. पण त्या घरात ती अशी वावरते, की नव्या माणसाला तासभर तरी पत्ता लागत नाही. दारातून सात पावलं की चूल, डावीकडं वळलं की कमरेएवढ्या उंचीवर कोनाडा, कोनाड्यात काडेपेटी आणि चहाचा डबा. मागं एका पुरात दाजींनी तिला पाठुंगळी घेऊन बाहेर काढलं, तेव्हा ती भेदरली वगैरे काही नव्हती. चुलीवर दूध राहिलं म्हणून सारी वाट नवऱ्याला झापत होती. मी कितीदा विचारलं, की दाजी, तुमचं जोतं कधी? ते नळीतला बुडबुडा काढत म्हणायचे, "आधी लोकांचं हुंद्या."

त्याच पुरात माझ्या घराची मागची भिंत बसली. पाणी छातीला लागलं होतं. घर पाडून नवंच बांधायचं ठरलं. मी मास्तर माणूस, चौकटीच्या कागदावर पट्टी-पेन्सिलीनं झकास नकाशा काढला. दाजींनी तो उलटासुलटा बघितला, त्यात तंबाखू बांधली आणि काठीनं जमिनीवर आपला नकाशा ओढला. स्वयंपाकघर मागं. ओटा दारापासून सात पावलांवर, आणि ती पावलं त्यांनी अनवाणी, डोळे मिटून टाकली. मला वाटलं म्हातारपणानं डोकं फिरलं. ओट्याच्या डाव्या अंगाला कमरेएवढा कोनाडा. आमच्या सौभाग्यवतीला तिथं फ्रीज हवा होता. "आता कोण कोनाडे ठेवतं हो?" ती म्हणाली. दाजींना ऐकूच आलं नाही! जोतं उचललं तशा पायऱ्या आठ झाल्या. उजव्या हाताला लोखंडी कठडा. पाचवी पायरी त्यांनी दोनदा फोडून पुन्हा बांधली, कारण ती बाकीच्यांपेक्षा अर्धं बोट कमी होती. तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. मी म्हणालो, "दाजी, घर माझं हाय का तुमचं? न्हाय जमत तर मी दुसरा गवंडी बघतो."

आपल्या थोरल्या दाजींना असं बोललो मी. दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आले, थापी हातात घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सोनारीच्या भैरवनाथाची आण घालतो, पाव्हणं. येवढं एक घर माझ्या मनासारखं हुंद्या. परत तुमाला काय मागणार न्हाय." चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या सोयरिकीत या माणसानं माझ्याकडं कधी पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नव्हता. मी घमेलं उचलून त्यांच्यापुढं ठेवलं. वास्तुशांतीच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं त्या कोनाड्यात काडेपेटी आणि चहाचा डबा ठेवला.

पुढच्याच वर्षी भाद्रपदात, भर दुपारी, पंचायतीच्या भोंग्यावर पुकारा झाला, की वरच्या धरणातून पाणी सोडलंय, खालच्या घरांनी निघावं. थोड्या वेळानं दाजी आले. एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात आक्काचा हात. आक्काचे गुडघे दुखायचे, त्यामुळं घर बांधल्यापासून ती एकदाही आली नव्हती. पायऱ्यांशी येऊन दाजींनी तिचा हात कठड्यावर ठेवला आणि स्वतःचा काढून घेतला. माझी बायको धरायला धावली, तर त्यांनी हात आडवा घातला. "जाऊ द्या तिला." आक्का चढली. आठही पायऱ्या; एकदाही पाऊल अडखळलं नाही. उंबऱ्यात क्षणभर थांबली. मग सरळ चालत गेली, ओट्याशी थांबली, डावीकडं वळली, आणि तिचा हात कोनाड्यातल्या काडेपेटीवर पडला.

"अगं बया!" ती म्हणाली. "आवं, ह्ये तर आपलंच घर हाय की!" आणि लगेच, "पायऱ्या तेवढ्या लई केल्यात मेल्यानं."

मला तिथं उभं राहवेना. बाहेर आलो तर दाजी सगळ्यात वरच्या पायरीवर बसून पाण्याकडं बघत होते. शेजारी बसलो. ते म्हणाले, "त्र्याण्णव सालच्या भूकंपानंतर म्या सास्तूरकडं कामाला व्हतो. घरं झ्याक बांधली आमी. पर एक आंधळी म्हातारी दारात हुबी राहून सारखी इचारायची, माझी चूल कुंकडं हाय? लेकीसुना सांगायच्या. पर किती डाव सांगणार?" मग म्हणाले, "माझ्या माघारी हिला कुणाला इचारावं लागू न्हाय. आमचं घर उचलायचं तर आधी पाडाय पायजे. तवर हिनं राहायचं कुठं?" मी त्यांना दुसरा गवंडी बघतो म्हणालो होतो. लाज वाटली हो मला, मनापासून लाज वाटली.

पाणी आलं, त्यांच्या घरात शिरलं, दोन दिवसांनी उतरलं. दाजींनी जाऊन आपल्याच भिंतीवर गेरू ओढला आणि दुसऱ्या दिवशी ते घर उतरवायला घेतलं. आक्का आता आमच्याकडं असते, आणि आमची सौभाग्यवती कोनाड्यातली काडेपेटी हलवू देत नाही कुणाला. दाजी रोज सकाळी आपलं जोतं उचलतात. दिवसाला एक थर, कधी अर्धाच. पाण्याच्या खुणेपर्यंत अजून पुष्कळ उरलंय, वर पुन्हा एक हात. नळीचं दुसरं टोक धरायला मी जातो. परवा नळीतलं पाणी काही केल्या ठरेना, सारखं थरथरत होतं. दाजी रागावले. "नीट धरा की पाव्हणं, हात हालतोय तुमचा."

माझा हात तर शेजारच्या घराच्या भिंतीला घट्ट टेकवलेला होता, तसूभरही हलत नव्हता. मी म्हणालो, "व्हय दाजी. माझाच हालतोय."