दुसऱ्याचा नंबर

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आलो. म्हणजे बायको वाचून दाखवते आणि मी खोड्या काढतो - भुताला दार का वाजवावं लागतं, त्याला पत्ता कोण देतं, वगैरे. मी मेंटेनन्सवाला माणूस. चाकणच्या एका कंपनीत सतरा वर्षं प्रेस आणि कन्व्हेयर दुरुस्त करतोय. मशिन बंद पडलं की त्याला कारण असतंच. कधी पाच मिनिटांत सापडतं, कधी दोन शिफ्ट जातात, पण सापडतं. 'आपोआप झालं' असं कुणी ऑपरेटर म्हणाला की माझं डोकं फिरतं. तर असा माणूस आज हे लिहितोय... आणि बायको शेजारी बसून मजा बघतेय.

गेल्या थंडीतली गोष्ट. आमच्याकडच्या मोठ्या मॅरेथॉनमध्ये कंपनीचे आम्ही आठ जण हाफ, म्हणजे एकवीस किलोमीटर, पळणार होतो. त्या आठांत सगळ्यात जास्त तोंड माझं. 'सव्वादोन तासांत आलो नाही तर महिनाभर सगळ्यांना चहा मी पाजीन,' असं कॅन्टीनमध्ये सांगून बसलेलो. आणि नाव नोंदवायची मुदत संपली तेव्हा मी शटडाऊनच्या कामात प्रेसखाली उताणा पडलेलो. आठवण झाली तेव्हा वेबसाइट बंद. माझी तर पाचावर धारण बसली, कारण आता सगळे म्हणणार - बघा, घाबरला.

तेवढ्यात आमच्या प्रकाशचा गुडघा सुजला. तो लातूरकडचा, माझ्याच सेक्शनला. म्हणाला, "माझा बिब घे की राव. वाया कशाला घालवायचा? कोण तपासतंय नाव?"

बिब म्हणजे छातीवर पिनांनी लावायचा तो कागदी नंबर. वेळ मोजायची चिप त्यातच असते आणि मागच्या बाजूला पळणाऱ्याचं नाव, रक्तगट, ॲलर्जी, घरचा फोन लिहिलेला असतो. नियमात साफ लिहिलेलं असतं की दुसऱ्याचा बिब घालू नका. घालतात सगळेच. मीही घातला. मागे लिहिलं होतं - प्रकाशचं नाव, त्याच्या बायकोचा नंबर, आणि ॲलर्जीच्या जागी 'काही नाही'.

इथे एक सांगायला हवं. मला ॲलर्जी आहे. डायक्लोफेनॅक नावाचं दुखण्यावरचं साधं इंजेक्शन असतं, कंबर धरली, पाय आखडला की सर्रास देतात. अकरा वर्षांपूर्वी माझी कंबर धरली म्हणून मला ते दिलं. पाच मिनिटांत घसा सुजून बंद. श्वास आत जाईना. त्या दिवशी मला गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं ते बबनकाकांनी. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पुन्हा हे इंजेक्शन अंगात गेलं तर हॉस्पिटलपर्यंत पोचाल असं धरून चालू नका.

बबनकाका आमचे सीनियर फिटर. चिखलीच्या जुन्या गावठाणातले, शेती कंपन्यांत गेली आणि शेवटी स्वतःही कंपनीतच आले. मला काम त्यांनी शिकवलं, शिव्या घालून. आमच्यात एक पद्धत असते. मशिनमध्ये शिरायच्या आधी मेन स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं आणि स्वतःच्या नावाचा लाल टॅग अडकवायचा. टॅगवर नाव, रक्तगट, घरचा नंबर. आत माणूस आहे, चालू करू नका, एवढाच त्याचा अर्थ. नवीन असताना मी एकदा टॅग घरी विसरलो आणि दुसऱ्याचा लावून आत शिरलो. काकांनी मला कॉलर धरून बाहेर ओढला, सगळ्या लाइनसमोर.

"आत मेलास तर फोन कुनाच्या घरी जाईल? त्याच्या बायकोला रडवशील व्हय?" असं म्हणाले. मग जरा थंड झाल्यावर, "ज्याचा जीव आत, त्याचाच टॅग भाईर. ध्यानात ठेव."

आणि नंबर पाठ करायला लावायचे. मोबाईलमध्ये सेव्ह असणं त्यांना मान्यच नव्हतं. "मोबाईल मेला तर बायकोला कबुतर धाडनार का?" माझ्या बायकोचा, सुजाताचा नंबर त्यांनी माझ्याकडून शाळेतल्या पाढ्यासारखा म्हणवून घेतला होता. त्यांना आमच्या अख्ख्या सेक्शनच्या घरचे नंबर पाठ होते.

रिटायर झाल्यावर त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. शेवटचं वर्ष तर बघवत नव्हतं. खाटेपासून दारापर्यंत जायला दोनदा बसायचे. नाकात नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशिन, रात्रंदिवस घरघरणारं. मॅरेथॉनच्या तीन वर्षं आधी ते गेले. खांदा द्यायला मी होतो.

आता त्या दिवसाचं. निगडीकडून अंधारातच सुटलो. फोन बॅगेत ठेवून काउंटरला जमा केला, पळताना खिशात नाचतो म्हणून. पहिले दहा किलोमीटर मस्त गेले. स्पाइन रोडवर सोसायट्यांतल्या बायका संत्र्याच्या फोडी आणि मीठ घेऊन उभ्या, एका चौकात ढोल-ताशा, अंगात वारं भरल्यासारखं झालं. मोशीच्या अलीकडे वळसा होता. तिथून आमचं घर दोन किलोमीटर, पण सुजाताला मी यायला नको म्हटलं होतं. वळून पुन्हा निगडीकडे निघालो तेव्हा पाठीमागे ऊन वर आलेलं.

पंधराव्या किलोमीटरनंतर गर्दी पातळ झाली. पोटरी ओढायला लागली. घड्याळ सांगत होतं की याच वेगानं गेलो तर सव्वादोन तासांत जेमतेम बसतंय, म्हणून मी पाण्याचे दोन स्टॉल न थांबताच सोडले. मूर्खपणा, दुसरं काय. एका पुलाच्या चढावर आजूबाजूला कुणीच नव्हतं. आणि मागून पावलं ऐकू यायला लागली.

पळणाऱ्यांचे बूट चप्-चप् वाजतात, हलके. हे तसे नव्हते. थड... थड... थड. सेफ्टी शूज. पुढे लोखंडी टोपी असलेले, आम्ही कंपनीत घालतो ते. सतरा वर्षं तो आवाज ऐकतोय, माझी चूक होणार नाही. वाटलं, तिसरी शिफ्ट सुटून कुणी हौशी गडी आमच्याबरोबर पळतोय.

"कुनाचा हाय?" मागून आवाज आला.

"काय?"

"छातीवरचा. कुनाचा हाय?"

मला वाटलं आयोजकांपैकी कुणी असेल. "माझाच," मी म्हणालो. दोन शब्द बोलताना माझी छाती फुटायला आलेली. तो मात्र चढावर खुर्चीत बसून बोलल्यासारखा बोलत होता.

"तुझा न्हाई त्यो."

मी वेग वाढवला. थड-थड तेवढ्याच अंतरावर राहिली, ना पुढे ना मागे. मान वळवून बघितलं तर सूर्य थेट डोळ्यांत. नुसती आकृती दिसली, आणि कंपनीच्या करड्या शर्टासारखं काहीतरी.

"दुसऱ्याचा टॅग लावून आत शिरलास व्हय रं परत?"

बिबला टॅग कुणी म्हणत नाही. आणि 'परत' कशाला? मला खूप भीती वाटली, हे कबूल करायला आता लाज नाही. मी पळालो. म्हणजे आधीही पळतच होतो, पण आता शर्यतीसाठी नाही. पुलाच्या उतारावर दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले आणि मी तोंडावर पडलो.

पुढचं तुकड्यातुकड्यात आठवतं. काखेत कुणीतरी हात घातला. कूलंटचा वास आला, मशिनवर सोडतात त्या दुधाळ पाण्याचा. उजव्या हातावर काहीतरी गार फिरत होतं. आणि कानाशी एकच वाक्य, "डोळे मिटू नगंस." अकरा वर्षांपूर्वी गाडीत ऐकलेलं.

नीट शुद्ध आली तेव्हा मी मेडिकल तंबूत खाटेवर होतो. सलाईन चालू. शेजारी ट्रेमध्ये एक भरलेली सिरिंज तशीच पडलेली. पन्नाशीच्या सिस्टर माझ्याकडे रागानं बघत होत्या.

"बिबवर ॲलर्जी नाही लिहिलंय आणि हातावर हे! कुठलं खरं मानायचं आम्ही? सुई टोचणारच होते मी."

मी उजवा हात वर केला. कोपरापासून मनगटापर्यंत जाड मार्करनं लिहिलेलं. चौकटीत माझं नाव, संतोष. खाली 'डायक्लो देऊ नका', त्याला दोन रेघा. त्याखाली एक मोबाईल नंबर.

"कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"तुमच्याबरोबरचे ते काका. तुम्हाला धरून घेऊन आले ना. 'इंजेक्शनच्या आदी हात बघा याचा,' म्हणाले. मी बीपीचं मशिन घ्यायला वळले, तेवढ्यात गेले."

"दिसायला कसे होते?"

"अहो, माझं लक्ष तुमच्याकडे. करडा युनिफॉर्म होता. म्हातारे होते, पण तुम्हाला एकट्यानं उचलून आणलं."

पंधरा मिनिटांत सुजाता स्कूटरवरून आली. रडून डोळे लाल. हातावरच्या नंबरवर सिस्टरनी फोन केला होता. तिनं आधी माझ्या तोंडावरून हात फिरवला, मग छातीवरचा बिब उलटा करून मागचं वाचलं. पिना एकेक काढल्या आणि तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. ती बोलली असती तर बरं झालं असतं. हाताचा फोटो मात्र तिनं तिथेच काढून ठेवला, म्हणून मी आज एवढ्या ठामपणे लिहू शकतोय.

घरी आल्यावर मी माझ्या पद्धतीनं बसलो. कंपनीत आम्ही 'का-का' करतो. बिघाड झाला की कागदावर 'का?' लिहायचं, उत्तर लिहायचं, त्याच्याखाली पुन्हा 'का?', असं पाच वेळा. पाचव्याला खरं कारण हाती लागतं.

तर - माणूस कोण? स्पाइन रोडवर सकाळी शिफ्ट सुटलेले शेकडो कामगार असतात. युनिफॉर्म, सेफ्टी शूज, खिशात मार्कर, सगळं जमतं. नाव आणि ॲलर्जी त्याला कशी कळली? मीच बरळलो असेन. पुलावरचा आवाज? पाणी न पिता पळणाऱ्याला काहीही ऐकू येतं. इथवर माझं समाधान झालं होतं. प्रकाश तर म्हणाला, "तूच लिहिलं असशील राव, भ्रमात." पण मी उजव्या हातानं लिहितो, आणि लिहिलेलं उजव्याच हातावर होतं.

मग नंबर. सुजातानं दोन वर्षांपूर्वी सिम बदललं. जुना नंबर मला आजही पाठ आहे, काकांच्या कृपेनं. नवा मला पाठ नव्हता. फोनमध्ये सेव्ह आहे, मग कशाला पाठ करा? आणि फोन निगडीला बॅगेत. जो नंबर मला शुद्धीत असताना सांगता आला नसता, तो मी बेशुद्धीत कसा बरळलो? काकांनाही तो माहीत असायचं कारण नाही. तो घेतला तेव्हा त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

सोमवारी टूलबॉक्सच्या तळातून त्यांचा जुना लाल टॅग काढला. रिटायर होताना मला देऊन गेले होते. नावाभोवती चौकट. रक्तगटाखाली दोन रेघा. पाचाचा आकडा जुन्या वळणाचा, जो आता कुणी काढत नाही. सुजातानं काढलेला फोटो शेजारी धरला. मी टूलबॉक्सवर बसून राहिलो आणि सुपरवायझरनं दोनदा हाक मारली ती मला ऐकूच आली नाही. माझा 'का-का'चा कागद तिसऱ्या 'का'लाच अडकलाय. तुमच्यापैकी कुणाला पुढचं उत्तर सुचलं तर जरूर कळवा, मी खोडी काढणार नाही.

एक गोष्ट राहिली. टॅगचं हे महिनाभर पोटात ठेवलं आणि मग एका रविवारी चिखलीला काकूंकडे गेलो. सांगावं की नको, चहा थंड होईपर्यंत ठरत नव्हतं. शेवटी सगळं सांगितलं. वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर मला वेड्यात काढतील. त्यांनी फोटोसुद्धा बघायला मागितला नाही.

"पळत व्हतं?" एवढंच विचारलं.

"हो."

"तुज्याबरूबर? चढावर?"

"हो काकू."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग हळूच म्हणाल्या, "दम लागत व्हता का रं त्यास्नी?"

"न्हाई काकू. अजिबात न्हाई. माझ्यापेक्षा चांगले पळत होते."

त्या उठल्या. कोपऱ्यात चादर झाकून ठेवलेलं काहीतरी होतं. चादर काढली तर ते ऑक्सिजनचं मशिन, तीन वर्षं तसंच, नळीसुद्धा गुंडाळून ठेवलेली.

"लय जनांनी मागितलं. मी न्हाई दिलं," त्या म्हणाल्या. "आता घिऊन जा. कुनाला तरी उपेगी पडंल. त्यास्नी न्हाई लागायचं आता."

मशिन गाडीवर मागे बांधलं. निघताना त्यांनी सुजाताचा नंबर विचारला, आणि मी तो न बघता सांगितला.