बोल्टावरचा नंबर

माझ्या चुलतभावाचं नाव मी तोंडातून काढत नाही, इथंही काढणार नाही. त्याची ती लायकी नाही.

आमच्या दोघांच्या बापांनी गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात धान राखायला फौजेतून उतरलेल्या दोन बंदुका घेतल्या होत्या. दोन्ही एकाच घडणीच्या. नळीवर मुकुट, त्याखाली बाण, बाजूला नंबर. तोच नंबर बोल्टावर, म्हणजे बार भरताना मागेपुढे ओढायच्या लोखंडी दांड्यावरही ठोकलेला. दोन्ही नंबर एक असले तर बंदूक खरी, नाहीतर चोरीची, असं ठाण्यात मानत.

बाप गेले, धानाच्या शेताच्या बांद्या वाटल्या, आमचं बोलणं बंद झालं. पण देव एकच, म्हणून दसऱ्याची शस्त्रपूजा एकाच घरात. त्या वर्षीही बायकांनी दोन्ही बंदुकांचे सुटे भाग एका परातीत टाकून चिंच-राखेनं घासले, कुंकू लावलं. मग आम्ही एकमेकांकडे पाठ करून आपापली बंदूक जोडली. कोणता भाग कोणाचा हे विचारायला तोंड उघडावं लागलं असतं. ते कोण उघडतो? हातात आला तो बोल्ट बसवला. बसला.

लगेच ठाण्यात तपासणी निघाली. पहिली माझीच बंदूक.

"नळीचा नंबर वेगळा, बोल्टाचा वेगळा. कुठून चोरला बे?" ठाणेदार गरजला.

"साहेब, पूजेत बदलला. माझा बोल्ट चुलतभावाच्या बंदुकीत आहे."

"त्याले घेऊन ये. नाहीतर तुलेच आत टाकतो."

बंदूक त्यानं ठेवून घेतली. इकडे धान लोंबीवर आलेलं, रानडुकरं नाल्यापर्यंत उतरत होती. मी नाक मुठीत धरून चुलतभावाच्या दारात गेलो.

"भाऊ, बोल्ट बदलले. ठाण्यात चाल, दोघंही सुटून जातो."

"माहा बोल्ट माहाच आहे. तुले काऊन खाज सुटली?"

"नंबर तर पाहून घे एकडाव!"

"नाई पाहत. निघ इथून."

शेवटी शिपाई त्याला बंदुकीसकट घेऊन आला. टेबलावर दोन्ही बंदुका ठेवल्या. माझ्या बंदुकीतल्या बोल्टाचा नंबर त्याच्या नळीशी तंतोतंत जुळला. माझ्या जिवात जीव आला. मग ठाणेदारानं त्याच्या बंदुकीतला बोल्ट उचलला. नंबराच्या जागी कानशीचे ताजे, पांढरे ओरखडे!

"ये किसने घिसा?"

"साहेब, तो माझा बोल्ट आहे," मी म्हणालो.

"खोटं बोलून राह्यला. माहाच आहे. मीच घासला."

अरे गाढवा! बोल्ट याचा आहे, एवढं म्हटलं असतं तर दोन शिव्या खाऊन दोघंही घरी गेलो असतो. ठाणेदारही त्याच्या तोंडाकडे बघत थांबला होता. पण माझी वस्तू माझी म्हणायची? जीव गेला तरी नाही.

माझ्या नळीला जुळणारा नंबरच आता उरला नव्हता. दोन्ही बंदुका जप्त झाल्या. मला सोडलं, त्याला हातकडी घातली. दारातून जाताना तो माझ्याकडे वळून चक्क हसला.

"आता राख धान. टाळ्या वाजव."

वाजवल्या. डबे बडवले, जाळ केले, घसा फुटेस्तोवर ओरडलो. डुकरांनी सगळं खाल्लं. त्या वर्षी माझी लेकरं कण्यांच्या पेजेवर झोपली, आणि तो गाढव तुरुंगात दोन्ही वेळ बसून जेवला.