कौसाबाईची रुखमा

ब्राह्मणपुरीच्या कौसाबाईची पहिली मुलगी रुखमा. बाळंतपण तीन दिवस अडलं होतं आणि पोर निळी पडूनच जन्मली. पुढे तिचे पाय आखडत गेले. मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर चढत. बोलणंही ओढूनताणून, आईलाच तेवढं कळायचं. सहाव्या वर्षी डावा खुबा दुखायला लागला. खाली बांधलेलं लुगड्याचं फडकं बदलायला मांड्या जराशा फाकवल्या, की पोर किंचाळायची. हाड बसवणाऱ्याकडे तीनदा नेलं. तिसऱ्यांदा त्यानं ओढ दिली तेव्हा रुखमा बेशुद्ध पडली. पुन्हा तिकडे पाऊल टाकायचं नाही, असं कौसाबाईनं ठरवलं.

एकोणीसशे अडतीस साली ती आणि नवरा चुडामण पोरीला घेऊन निघाले. प्रकाशाला नावेतून तापी ओलांडली, नंदुरबारला गाडी धरली आणि नवापूरकडच्या मिशनच्या दवाखान्यात पोचले.

तिथले डॉक्टर नगरकडचे, पुस्तकी मराठी बोलणारे. त्यांनी रुखमाचे दोन्ही गुडघे दुमडून शेजारी शेजारी धरले. डावा गुडघा बोटभर खाली राहिला.

"बाई, हाड खुब्याच्या वाटीतून निसटलंय," ते म्हणाले. "पायाचा दोष नाही. जन्मताना मेंदूला इजा झाली. तो मांडीच्या आतल्या स्नायूंना सारखा आवळायला लावतो, त्या ओढीनं हाड बाहेर आलं. ते आवळलेले स्नायू मी कापून सैल करीन."

"मन्ही पोर चालाले लागी का?"

"नाही."

कौसाबाई म्हणाली, "मंग कशाले कापतस?"

"दुखणं कमी होईल. मांड्या उघडतील, तिला बसता येईल. हाड पूर्ण जागेवर येईलच, असं सांगत नाही."

चुडामण परत जायला उठला होता. कौसाबाई मात्र तशीच बसून राहिली. इतक्या वर्षांत सगळ्यांनी पोरगी चालेल असंच सांगितलं होतं. नाही म्हणणारा हा पहिलाच. त्याच माणसावर तिचा विश्वास बसला.

नाकावरच्या फडक्यावर औषधाचे थेंब टाकून रुखमाला झोपवलं. बाहेर बसलेल्या आईला आतून काहीच ऐकू येईना. एवढा वेळ ओरडली नाही म्हणजे गेलीच, असं तिच्या मनानं घेतलं. पोर बाहेर आली ती छातीपासून पावलांपर्यंत प्लास्टरमध्ये, पाय फाकवलेले, मध्ये आडवी काठी. सहा आठवडे तशीच. उन्हाळा होता. खाज सुटली की कौसाबाई प्लास्टरवर टिचक्या मारी, आणि तेवढ्यावर रुखमा हसे.

प्लास्टर निघालं, पण खरं काम घरी होतं. सकाळ-संध्याकाळ पाय हळूहळू फाकवायचे. सोडलंत तर पुन्हा आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज पोर रडायची, रोज आईचा हात झटकायची. त्या वेळी चुडामण शेताकडे निघून जाई. एका सकाळी कौसाबाई दार अडवून उभी राहिली.

"तुम्हीबी हात लावा. तिनी वैरीन रोज मीच का व्हऊ?"

चुडामण जमिनीवर बसला. पोरीचा गुडघा त्यानं इतक्या हलक्या हातानं धरला, की त्याचा काही उपयोगच नव्हता. कौसाबाईनं त्याच्या हातावर आपला हात ठेवून दाबला. रुखमा रडली, तोही रडला. सकाळची पाळी त्या दिवसापासून त्याची झाली.

पावसाळा सरता सरता रुखमा बसू लागली. चुडामणनं बाभळीचं बुटकं बाक केलं, पाय दोन्हीकडे सोडून बसायचं. उजव्या हातानं ती शेंगा फोडायची. निम्म्या दाण्यांचा चुरा व्हायचा. गल्लीतल्या बाया विचारत, "चालनी का वं?"

"नही," कौसाबाई सांगे. "पन बसस. आनि आते दुखस नही."

पाच वर्षांनी उजवा पाय तसाच ओढू लागला. या वेळी त्यांनी वाट न पाहता तोच दवाखाना गाठला. डॉक्टर तेच होते. त्यांनी पाय तपासला आणि कौसाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "माले नका इचारू. तिले इचारा."

डॉक्टर खाली वाकले. "रुखमा, करायचं का?"

तेरा वर्षांच्या त्या मुलीला शब्द जुळवायला बराच वेळ लागला. तोंड वाकडं झालं, मान मागे गेली. कुणी मध्ये बोललं नाही.

"करा," ती म्हणाली. "पन... झोप लागे लोंग... माय जोडे ऱ्हाऊ द्या."

कौसाबाईनं तिचं बोलणं डॉक्टरांना सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. "कळलं मला. झोप लागेपर्यंत आई जवळ राहील," ते म्हणाले, आणि कौसाबाईला आत बोलावलं.