मृत्यूशी संबंध नाही

निफाडजवळ कालव्याच्या चारीलगतच्या रस्त्यावर ट्रॅक्टर उलटला आणि माझा मामा त्याखाली गेला. मामा ज्याच्या द्राक्षबागेत राबायचा त्या बागायतदाराने पोलिसांना सांगितलं, "ट्रॅक्टर ठणठणीत होता. त्यालाच अटॅक आला असणार." ब्रेक नीट लागत नाहीत, हे मामा घरी कितीदा तरी बोलला होता. पण अटॅकची शंका निघाली, म्हणून शवविच्छेदनात हृदयाचे आणि बाकी अवयवांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला नाशिकला पाठवले गेले.

तोवर मी बागायतदाराविरुद्ध आमच्या मजूर संघटनेचं पत्रक लिहून तयार. अहवाल आला तोही मला हवा तसा : हृदय निरोगी, मृत्यू छातीला मार लागून. खाली आणखी एक ओळ होती. दोन्ही मूत्रपिंडांत जुना आजार. मृत्यूशी संबंध नाही.

संबंध नाही म्हणे. जन्मभर या माणसाचं थेंबभर रक्त कुणी तपासलं नाही. त्याच्या किडनीकडे लक्ष गेलं ते त्याला फाडल्यावर. आणि याला आपण आरोग्यव्यवस्था म्हणायचं.

मी तणतणत अहवालावर सही करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. "कशामुळे झालं हे?"

"नक्की नाही सांगता येणार. अंगदुखीच्या गोळ्या रोज खायचे? उन्हात, पाणी न पिता काम?"

"दोन्ही."

"घरात आणखी कोण असंच करतं?"

मामी. द्राक्षाचे मणी विरळताना दिवसभर हात वर धरावे लागतात, मान-खांदे भरून येतात. म्हणून मुकादम सकाळी मजुरांना नेणाऱ्या पिकअप गाडीपाशीच चहाबरोबर दुखण्याची गोळी देतो. बाया त्याला देवमाणूस म्हणतात.

"त्यांच्या किडनीचं आता काय लोणचं घालू?" अहवालातलं ऐकून मामी म्हणाली.

"तुझी तपासायचीय."

"आन निघालं काही तर? मुकादम गाडीत घेईल? तू पत्रकं वाटत फिर, बाबा. आम्हाला बाग करायचीय."

मी रोज जाऊन भांडलो. शेवटी माझं तोंड बंद व्हावं म्हणून ती सरकारी दवाखान्यात आली. रक्तात किडनीचा दोष निघालाच. डॉक्टर म्हणाले, "अजून सावरता येईल. पण दुखण्याच्या गोळ्या आजपासून बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिकअपपाशी जाऊन उभा राहिलो. मुकादमाने गोळी पुढे केली. "घ्या, वहिनी."

"नको."

"का? उपास हे का?" बाया हसल्या.

"किडनी खराब हे. ह्यांची मेल्यावर कळली, माझी जित्तेपणी कळली."

हसू थांबलं. मुकादम माझ्याकडे बघत तिला म्हणाला, "गोळीबिगर हात चालंल? मागं पडल्या तर मालक मला धरंल. मग मी ठेवणार नाय."

मामी गाडीत चढली.

संध्याकाळी तिचा फोन आला. "नाय घेतली. पण खांदा हलत नाय रे. उद्या हात कसा उचलू? लिव्ह की तुझ्या पत्रकात, गोळी नाय तर काय घ्यायचं."

पत्रकात ब्रेकची चौकशी होती, मागण्या होत्या. हे नव्हतं.

"डॉक्टरांना विचारून सांगतो, मामी."

"विचार. पण सकाळी गाडी यायच्या आत."