दर निवडणुकीला पक्ष बदलणारी भाजीवाली

धायरीच्या नाक्यावर एक बाई भाजी विकते. नाव मी कधी विचारलं नाही. दर निवडणुकीला ती पक्ष बदलते आणि मेथीवर पाणी मारता मारता ते मोठ्यानं सांगते, "मागच्यांनी नळाचं पाणी कबूल केलं अन् आला टँकर. आता दुसरे!"

बायको गेल्यानंतरचं माझं हे पहिलंच मतदान. आम्ही दोघांनी जन्मभर एकाच चिन्हाला मत दिलं. यंदा त्या चिन्हाचा उमेदवार डोळ्यांसमोर नको वाटत होता. पण बदललं तर तिच्याशी बेइमानी होईल, असंही वाटायचं. मतदानाला जाताना बाईला तसं सांगून टाकलं.

तिनं कमरेवर हात ठेवला. "काका, काकू दुसऱ्या भाजीवालीकडं कधी गेल्या नाहीत, खरंय. पण एक तरी वांगं उलटंपालटं केल्याशिवाय घेतलं का त्यांनी? किडकं निघालं की माझ्या पुढ्यात आपटायच्या! डोळे मिटून पिशवी पुढं करता ते तुम्ही."

कित्येक महिन्यांनी मी खदखदून हसलो.

मत बदलून घरी आलो आणि बायकोच्या फोटोला सांगितलं. तिचा चेहरा नेहमीचाच, एवढं कळायला इतका उशीर का लागला, असा.