भिंतीपलीकडची माती

आमच्या घरामागं मोटारींच्या कारखान्याची पडकी भिंत आहे. कारखाना कधीचाच बंद झाला, आता तिथं टॉवर होणारेत. सकाळी धुणं वाळत घालताना बघितलं, तर पलीकडं दोन माणसं, तोंडाला मास्क, हातात मोजे, अन् चमच्यानं माती उचलून बाटलीत भरत होती. इतकी जपून, जसं काही माती चावणारच होती त्यांना.

मागं वळले, तर माझी अकरा महिन्यांची पोरगी भिंतीखाली बसलेली, तोंडात माती. मी धावले, बोट घालून काढली, ती रडतेय, मी ओरडतेय, "अहो दादा, काय आहे हो या मातीत?"

"तपासणी चाललीय ताई," त्यातला एकजण म्हणाला. "रिपोर्ट आल्यावर कळेल. आधी लेकराला उचला."

"अन् आजवर खाल्ली ती?"

तो खाली वाकून पुढची बाटली भरू लागला.

दारातून सासूबाई हसल्या. "पोरं खातातच गं. हिच्या वेळी तू कमी खाल्लीस?"

खाल्ली होती. ही पोटात असताना, याच भिंतीखालची, चिमूट चिमूट. किती गोड लागायची.

पलीकडं त्यानं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मी पोरीला पोटाशी धरून उभी. आमच्या दोघींचा रिपोर्ट कुणाकडं मागायचा?